गावापुरती माझी बोली

"उभी राहा गं."

मॅडम माइकवरून बोलल्या तेव्हा मी हॉलच्या शेवटच्या रांगेत होते. अमरावतीचं आमचं कॅन्सर संशोधन केंद्र, मॅडम त्याच्या प्रमुख. मुंबईचे पाहुणे आलेले, बेंगळुरूचे आलेले, दोघं परदेशातले. पडद्यावर मी काढलेलं चित्र होतं. ठिपकेच ठिपके. एक ठिपका म्हणजे एक माणूस, त्याच्या रक्तातल्या डीएनएवरून मांडलेला. ज्यांचे पूर्वज जवळचे, त्यांचे ठिपके एकमेकांना चिकटून. कित्येक आठवडे बसून काढलं होतं मी ते. समजावून मात्र चैतन्य सांगत होता. चैतन्य आमच्याकडे पीएचडी करत होता, मला ज्युनिअर. मॅडमनी मला आधीच बजावलं होतं, "तुझं काम छान असतं, पण बोलताना तुझं ते न-ण फार कानाला लागतं. चैतन्यला बोलू दे."

मी उभी राहिले.

"या कोपऱ्यातले हिरवे ठिपके बघा," मॅडम म्हणाल्या. "त्यातला एक आज इथेच आहे. या समाजाचा जिवंत नमुना आमच्याकडे कामाला आहे!"

हॉल हसला. वाईट नाही हसला. घरातल्यासारखा, खेळीमेळीनं हसला. तेच जास्त लागलं.

तो ठिपका माझाच होता. निरोगी माणसांचं रक्त कमी पडत होतं तेव्हा मॅडम म्हणाल्या होत्या, तूही दे. मी आनंदानं दिलं. ते असं पडद्यावर चढेल, त्याच्याभोवती लाल वर्तुळ निघेल, असं कोणी बोललं नव्हतं. आणि ठिपक्यांच्या खाली नाव होतं आमच्या जुन्या जातीचं. आम्ही बौद्ध. माझ्या आजोबांनी जे नाव अंगावरून काढून फेकलं, ते इथं इंग्रजी अक्षरांत, हिरव्या रंगात परत आलं होतं. नमुन्यांच्या तक्त्यात मी 'बौद्ध' लिहिलं होतं. कोणीतरी बदललं होतं.

"जरा बोल ना तुमच्या भाषेत," मॅडम म्हणाल्या. "ते मले-तुले. पाहुण्यांना ऐकू दे."

"काय बोलू मॅडम?"

"काहीही बोल गं."

मी म्हणाले, "मले काई बोलता येत नाई."

टाळ्या पडल्या. एका पाहुण्यानं मोबाइलवर माझा फोटो घेतला. मीसुद्धा हसले. चेहऱ्याला दुसरं काही सुचलं नाही.

मी अकोल्याची. बाबा दालमिलमध्ये पोती वाहायचे. आई अंगणवाडीत मदतनीस. बीएस्सी अकोल्यात, पुढचं शिक्षण अमरावतीला विद्यापीठात. वस्तीतल्या विहारात बसून अभ्यास केला, कारण घरात टीव्ही आणि धाकटे भाऊ. माझ्या हुद्द्याचं नाव बायोइन्फर्मेटिशियन. आईला अजून ते उच्चारता येत नाही. ती शेजारणीला सांगते, "पोरगी कांप्युटरवर कॅन्सर पाह्यते."

तसंच आहे ते. बाईच्या गाठीचा तुकडा आणि तिचं रक्त प्रयोगशाळेत जातं. यंत्र त्यातला डीएनए वाचतं. वाचतं म्हणजे सगळं फाडून चिंध्या चिंध्या करून माझ्याकडे पाठवतं. अब्जावधी अक्षरं. त्या चिंध्या जुळवणारा प्रोग्रॅम मी लिहायचा, चालवायचा, अडकला की सोडवायचा. कुठलं अक्षर चुकलंय ते शोधायचं. मग मुख्य प्रश्न. ही चूक फक्त गाठीत झाली, की बाई जन्मताना आईबापाकडून घेऊन आली? गाठीतली असेल तर तिच्यापुरती. जन्मापासूनची असेल तर तिच्या लेकीकडे, बहिणीकडे, भाच्यांकडेही असू शकते.

मला हे काम आवडायचं. अजून आवडतं. हे आधीच सांगते, नाहीतर लोकांना वाटतं ह्या पोरीला संशोधनाचाच राग आहे.

हॉलमध्ये जी बोली कानाला लागायची, ती गावात गेलं की सोन्याची व्हायची. केंद्राची गाडी रक्ताचे नमुने घ्यायला भातकुलीकडे निघाली, अकोला जिल्ह्यात निघाली, की मॅडमचा निरोप यायचा, तू पण जा. माझं काम खुर्चीवरचं. कॅम्पशी माझा संबंध नव्हता. पण रक्त द्यायला बाया तयार होत नसत. शहरातली पोरं शुद्ध भाषेत समजावून सांगायची आणि बाया पदर सावरून उठून जायच्या. मी बोलले की बसायच्या.

पातूरला एका शाळेत कॅम्प होता. तिथं वच्छलाबाई भेटल्या. छातीच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालेलं. सोबत लेक कविता, तिशीच्या आतली, कडेवर मुलगी. वच्छलाबाईंच्या बहिणीचाही जीव याच दुखण्यात गेलेला.

"रक्त कायले पायजे?" वच्छलाबाईंनी विचारलं. "एवढं तं काढलं दवाखान्यात."

"मावशी, हे दुखनं घरात काहून फिरून राहिलं, ते पाहाचं आहे. तुमचं बी लागन अन् कविताताईचं बी."

"माह्या लेकीले काई नाई झालं."

"नाई झालं, म्हनूनच पायजे. दोघींचं लावून पाहू."

मग त्यांनी माझं आडनाव विचारलं. मी सांगितलं. त्यांच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला. आपली निघाली.

"काई निघालं तं सांगसान ना?"

"सांगीन ना मावशी."

"आमाले नाई समजत इंग्रजी."

"मी सांगीन. आपल्याच बोलीत सांगीन."

हे मी माझ्या मनचं बोलले नव्हते. संमतीपत्रात तसं वाक्यच होतं, उपचाराच्या कामाचं काही आढळलं तर कळवण्यात येईल. वच्छलाबाईंनी अंगठा दिला. कवितानं सही केली. बाटल्यांवर कोडच्या चिठ्ठ्या मी माझ्या हातानं चिकटवल्या. निघताना वच्छलाबाईंनी माझ्या पिशवीत बोरं टाकली.

काही महिन्यांनी त्यांचे नमुने वाचून आले. वच्छलाबाईंच्या रक्तात चूक सापडली. जन्मापासूनची. डीएनए दुरुस्त करणाऱ्या एका जनुकात. ती नवी नव्हती, जगभरच्या डॉक्टरांना माहीत असलेली. असली चूक असलेल्या बाईला छातीचा, बीजकोशाचा कॅन्सर होण्याचा धोका फार मोठा. मी लगेच कविताची फाइल उघडली. तीच चूक. तेच अक्षर.

कविताचा नमुना 'निरोगी' गटात होता.

मी पुन्हा तपासलं. दुसऱ्या प्रोग्रॅमनं तपासलं. मग मॅडमच्या केबिनमध्ये गेले.

मॅडमना आनंद झाला. "मायलेकी दोघींत? व्वा! हे आपल्या लेखाचं पहिलं चित्र."

"मॅडम, त्या मुलीला सांगायला पाहिजे. दवाखान्यातून पक्की तपासणी करून घ्यायला पाहिजे. तिला मुलगी आहे."

"सांगू ना. लेख येऊ दे."

"लेखाला वर्ष लागेल."

"लागलं तर लागलं. आधी बाहेर गेलं तर दुसरं कोणीतरी छापेल. आणि सांगून त्यांना काय कळणार आहे? घाबरतील. रडारड करतील. गावात बोभाटा झाला की पुढच्या कॅम्पला एक बाई येणार नाही."

मी उभीच होते.

"तू फार जवळून बघतेस गं," मॅडम मायेनं म्हणाल्या. "आपली माणसं म्हणून. शास्त्रज्ञानं थोडं लांब राहायचं असतं."

मी बाहेर आले. वाटलं, खरंच असेल. आपण अजून कच्चे. आपल्याला भावना आवरत नाहीत. मोठ्या माणसांना मोठं दिसत असेल. शाळेपासून हेच तर शिकले होते, की वरच्या माणसाला आपल्यापेक्षा लांबचं दिसतं. मी जागेवर जाऊन कामाला लागले. पातूरची आठवण आली की दुसरी फाइल उघडायची. मध्ये दोनदा मॅडमना विचारलं. दोनदा तेच उत्तर.

माझे डोळे उघडले ते एका फोनमुळे.

आमच्या केंद्राच्या एका विश्वस्तांच्या सुनेनंही रक्त दिलं होतं. अमरावतीत कॅम्प रोडला मोठा बंगला. तिच्या नमुन्यात तसलीच चूक निघाली. जनुकही तेच. मी नेहमीसारखा अहवाल मॅडमना पाठवला. त्याच दिवशी दुपारी मी सही घ्यायला केबिनमध्ये गेले तर मॅडम फोनवर होत्या. मला हातानं थांब म्हणाल्या.

"नाही, नाही, घाबरायचं काहीच कारण नाही. वेळेत कळलं हे किती चांगलं. मी मुंबईच्या डॉक्टरांशी बोलते, ते तुम्हा दोघांना बसवून नीट समजावून सांगतील. तुमच्या बहिणीलाही घेऊन जा. हो, हो, मी स्वतः येते संध्याकाळी घरी."

आवाज किती मऊ होता. तो फोन मी पूर्ण ऐकला. चुकीचं असं त्यात काहीच नव्हतं. असाच फोन करायचा असतो. पातूरला करायचा होता तो हाच.

"मॅडम, ह्यांना सांगितलं?"

"मग? सांगायलाच हवं ना."

"कविताला नाही सांगितलं."

"कोण कविता?"

मी सही न घेता बाहेर आले. लांब राहणं, लेख आधी छापणं, लोक घाबरणं, सगळं पातूरसाठी होतं. कॅम्प रोडच्या बंगल्यासाठी नव्हतं. रक्त सारखं. यंत्र सारखं. चूक सारखी. मला वाटत होतं आपल्यात शास्त्रज्ञाचा कणखरपणा कमी आहे. कमी काहीच नव्हतं. ज्यांच्यासाठी त्या तक्त्यातली माणसं नुसते कोड होती, त्यांना लांब राहणं सोपं होतं.

पुढच्याच आठवड्यात अंजनगाव सुर्जीला कॅम्प होता. सकाळी गाडी आवारात उभी. ड्रायव्हर मुश्ताकभाई, सुया-बाटल्यांचे खोके, दोन नर्स, चैतन्य. मॅडम स्वतः सोडायला आल्या होत्या, कारण गेल्या वेळी तिथल्या बायांनी नकार दिला होता.

"तू पुढे बस," मॅडम मला म्हणाल्या. "तिथे पोचल्या पोचल्या तूच सुरुवात कर. तुझं ऐकतात त्या."

"मी येणार नाही."

"बरं नाही का?"

"बरी आहे. येणार नाही."

मुश्ताकभाई हळूच म्हणाले, "बैठो ना बाई, उशीर होऊन राहिला."

"मॅडम, आधी कविताला सांगा. तिच्या आईला सांगा. मग मी कुठंही येते."

मॅडमचा चेहरा बदलला. "हे इथे बोलायचं नाही."

"काहून नाई बोलाचं?"

निघून गेलं तोंडातून. मी थांबवलं नाही. "त्या बाईले मी सांगतलं होतं, काई निघालं तं सांगीन. तुमी माह्या तोंडानं सांगाले लावलं. आता अंजनगावच्या बायाईले तेच सांगू? मी नाई सांगनार. मी कोनाशी खोटं बोलनार नाई."

"नीट बोल."

"नीटच बोलून राहिली."

कोणी हसलं नाही. चैतन्य बुटांकडे बघत होता. मॅडम माझ्याजवळ आल्या, आवाज खाली आणून म्हणाल्या, "कोणामुळे इथपर्यंत आलीस ते विसरू नकोस."

बाबांच्या पाठीवर पोत्यांनी पडलेला घट्टा माझ्या डोळ्यांसमोर आला. म्हटलं, "विसरले नाही. ते तुम्ही नाही."

गाडी माझ्याशिवाय गेली. त्याच दिवशी मी नैतिकता समितीला तक्रार दिली, विश्वस्तांच्या घरच्या फोनचंही लिहिलं. प्रत्येक संशोधनावर अशी समिती असते, रुग्णांच्या हक्कासाठी. समितीनं बोलावलं. मॅडम म्हणाल्या, मुलगी हुशार आहे पण समाजाच्या बाबतीत हळवी आहे. समितीत अकोल्याचे एक म्हातारे सर्जन होते. त्यांनी मॅडमना एकच विचारलं, "विश्वस्तांच्या घरी कळवलंत, त्याची परवानगी कोणाकडून घेतली?" वच्छलाबाईंच्या घरी ताबडतोब कळवा, दवाखान्यातून पक्की तपासणी करा, असा आदेश निघाला.

माझा करार संपत आला होता. तो वाढवला नाही. कारण दिलं नाही.

मी अकोल्याला घरी आले. घरूनच एका दुसऱ्या प्रयोगशाळेचं काम मिळालं. तपासणी पक्की झाल्याचं कळल्यावर मी पातूरला गेले. वाटलं होतं, कविता काहीतरी चांगलं बोलेल. कशाला खोटं सांगू, वाटलं होतं.

कविता दारात उभी राहिली. आत ये म्हणाली नाही.

"मावशी कशा आहेत?"

"माय गेली. पोळ्याच्या आधी."

मला कोणी सांगितलं नव्हतं.

"तुले कवा मालूम झालं होतं?" तिनं विचारलं.

मी खरं ते सांगितलं.

"मंग इतके दिवस?"

मी मॅडम, लेख, समिती असं काहीतरी सांगायला लागले. तिनं मध्येच तोडलं. "माय मरस्तोर वाट पाहून राहिली होती तुही. म्हने, आपली पोट्टी हाये, ती सांगन. दवाखान्यातून फोन आला का मले इचारे, तिचा हाये काय."

तिची मुलगी आतून धावत आली आणि तिच्या पायांना बिलगली. कवितानं तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "हिचं बी पाहा लागन काय?"

"आता नाही. मोठी झाल्यावर. ती ठरवेल."

"सासरी सांगतलं नाई म्या. सांगतलं तं मले ठेवनार नाईत, अन् हिचं लगन होनार नाई. तुमी सांगून मोकये."

तिनं दार लावलं नाही. पण बस म्हणालीही नाही.

पुढच्या तपासणीत कविताच्या छातीत बारीक गाठ सापडली. हाताला लागत नव्हती इतकी बारीक. अकोल्यात ऑपरेशन झालं. मी दवाखान्यात गेले, बाहेर बाकावर बसले. त्या दिवशी तिनं माझ्या हातचा चहा घेतला. आता ती बरी आहे, निंदणाला जाते. म्हातारे सर्जन म्हणाले, वेळेत सापडलं. मला मात्र ते मधले महिने दिसतात. ती गाठ तेव्हाही असेल, आणि मी दुसरी फाइल उघडत होते.

मग लेख आला. मोठ्या मासिकात. पहिलं चित्र वच्छलाबाई आणि कविताचं, एक गोल पूर्ण काळा म्हणजे आजारी, एक अर्धा काळा म्हणजे नुसती चूक असलेली. खाली तेच जुन्या जातीचं नाव. लेखकांत मॅडम, चैतन्य, विश्वस्तांच्या ओळखीचे एक डॉक्टर, आणखी कितीतरी. माझं नाव शोधत शेवटपर्यंत गेले. आभारात सापडलं. स्थानिक बोलीतील मदतीबद्दल आभार.

चिंध्या जुळवणारा प्रोग्रॅम माझा. चूक शोधली मी. चित्रं माझी. आभार बोलीचे.

चैतन्यचा फोन आला. "ताई, मी मॅडमशी बोललो होतो, पण..."

"पण काय?"

"माझं पुढचं सगळं त्यांच्या हातात आहे."

"तुझं नाव कुठं आहे ते तुला माहीत आहे, चैतन्य. माझं कुठं आहे ते बघितलंस का?"

मीच फोन ठेवला.

जवळची माणसं आता मला समजावतात. आईसुद्धा. एक बाई वाचली ना, मग नावाचं काय घेऊन बसलीस. आपल्या लोकांसाठी केलंस, पुण्याचं काम झालं, सोड. मॅडमचाही निरोप आला होता कोणाकडून तरी, मनात काही ठेवू नको, शिफारसपत्र देईन.

मला पुण्य नको आहे. त्यागही नको. आमच्या वाट्याला सेवा आणि त्यांच्या वाट्याला शोध, ही वाटणी मला मान्य नाही. मी मोठ्या मनाची नाही आणि मला व्हायचंही नाही. मी त्या मासिकाला कळवलं आहे की हे काम माझं आहे आणि मी ते कोणाहीसमोर पुन्हा करून दाखवते. समितीला पुन्हा लिहिलं आहे, की ज्या ज्या घरात असं काही निघालं त्या प्रत्येक घरी सांगा, आणि सांगून झाल्यावर मला सांगा. आमच्या लोकांच्या रक्ताखाली लिहिलेलं ते जुनं नाव काढा, हेही लिहिलं आहे. उत्तर आलेलं नाही. मी पुन्हा लिहिणार. तिसऱ्यांदाही लिहिणार. ज्यांनी काम केलं त्यांची नावं लेखाच्या वर असतात, असं ते लोक म्हणतात ना. माझं नाव वर येईपर्यंत मी त्यांना झोपू देणार नाही.